दीड टन थंडी : उन्हाळ्यासाठी घर सज्ज करण्याचा इतिहास

१/
होळी जवळ आली की शहरातल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येऊ लागते : एसीची सर्व्हिसिंग करून घ्यायला हवी. कोणी विचारले, तर आपले यंत्र "दीड टनाचे" आहे असेही आपण सहज सांगतो. परंतु भिंतीवरचा तो पांढरा खोका दोन माणसे उचलून आणतात. मग हे दीड टन नेमके कशाचे?

२/
ते बर्फाचे आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळताना भोवतालची जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळात हलवणाऱ्या यंत्राला 'एक टनाचे' म्हणायचे, असे हे माप आहे. हा टन अमेरिकी, म्हणजे २००० पौंडांचा. आपल्या हिशेबात सुमारे ९०७ किलो. दीड टनाचा एसी चोवीस तास पूर्ण शक्तीने चालला, तर जवळजवळ १३६० किलो बर्फाचे काम करतो. यंत्राने बर्फाची जागा घेतली त्या काळात गिऱ्हाईक बर्फाच्या भाषेतच विचार करत असे. म्हणून यंत्रही त्याच भाषेत विकले गेले, आणि ती भाषा आजच्या आपल्या पावतीवर टिकून राहिली.

३/
या थ्रेडमध्ये एसीच्या शोधाची नेहमीची गोष्ट थोडक्यातच येईल. मला अधिक महत्त्वाची वाटते ती उन्हाळ्याआधीची तयारी. थंडी कोणालाही 'निर्माण' करता येत नाही. घरातली उष्णता उचलून बाहेर टाकता येते, एवढेच. प्रत्येक काळात उन्हाळ्याची तयारी म्हणजे उष्णतेची ही वाट मोकळी ठेवणे होय. आणि प्रत्येक काळात त्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला कोणीतरी उभे असते. इतिहासात त्याची नोंद क्वचितच होते.

४/
सुरुवात बाबरापासून करू. त्याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानाविषयीच्या तक्रारींची लांबलचक यादी दिली आहे. तीत चांगले घोडे नाहीत, चांगली कलिंगडे-खरबुजे नाहीत यांबरोबरच बर्फ नाही आणि थंड पाणीही नाही, ही तक्रार आहे. इथल्या तीन गोष्टींनी आपल्याला छळले असे तो म्हणतो : उष्मा, सोसाट्याचा वारा आणि धूळ. तिन्हींवर त्याचा उपाय एकच, हमामखाना. फरगाण्याच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या माणसाची ही तगमग समजण्यासारखी आहे.

५/
त्याच्या नातवाने, अकबराने, या तक्रारीवर यंत्रणाच उभी केली. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'त पिण्याचे पाणी सांभाळणाऱ्या आबदारखान्याचे वर्णन आहे. सोरा पाण्यात विरघळताना पाणी गार होते, हे तत्त्व तिथे रोजच्या वापरात होते. पाण्याने भरलेली सुरई सोऱ्याच्या पाण्यात फिरवत ठेवायची, की आतले पाणी थंडगार. गंमत अशी, की हाच सोरा तोफेच्या दारूतला मुख्य घटक. एकाच कोठारातल्या मालावर तोफखानाही चाले आणि सरबतही. दरबार पंजाबात गेल्यावर १५८६ पासून उत्तरेच्या डोंगरांतून लाहोरला बर्फही येऊ लागला.

६/
परंतु खोली गार करण्यासाठी अबुल फजल ज्या वस्तूचे कौतुक करतो ती राजेशाही मुळीच नव्हती. ती एका गवताची मुळी होती : वाळा, हिंदीत खस. या मुळ्यांच्या झोपड्या बादशहाच्या आज्ञेने होऊ लागल्या आणि त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. आपल्या आजीने माठात टाकलेली वाळ्याची जुडी आणि मोगल बादशहाची शीतगृहे यांचे कूळ एकच.

७/
वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटीत विणून जो पडदा होतो, त्याला उत्तरेत टट्टी आणि आपल्याकडे ताटी म्हणतात. मुक्ताबाईंच्या 'ताटीच्या अभंगां'तली ताटी ती हीच. झोपडीचे विणलेले दार. हा शब्द पुढे इंग्रजांच्या लिखाणातही रुळला. उन्हाळा लागला की पश्चिमेकडच्या दारा-खिडक्यांत ताट्या बसवायच्या, बाकीची दारे घट्ट लावायची आणि बाहेरून ताट्यांवर सतत पाणी मारत राहायचे. लूचा कोरडा झोत ओल्या मुळ्यांतून आत शिरताना गार होतो आणि मातीचा सुवास घेऊन येतो.

८/
यामागचे शास्त्र मोठे उदार आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना मात्र सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. म्हणजे ताटीवरून उडून गेलेला एक लिटर पाण्याचा ओलावा सात किलो बर्फाची बरोबरी करतो. अट एकच : हवा कोरडी हवी. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पाणी उडणार कसे? म्हणून ताटी दिल्ली, अलाहाबाद, नागपूर इथे चमत्कार करते आणि मुंबईत फक्त भिंती ओल्या करते. समुद्रकाठच्या माणसाला वेगळा उपाय शोधावा लागला. त्याकडे पुढे येऊच.

९/
१८३०च्या दशकात गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांत ताटीला एक यंत्र जोडले गेले, 'थर्मँटिडोट'. नाव भारदस्त, वस्तू साधी : लाकडाचा मोठा पेटारा, आत धान्य उफणण्याच्या यंत्रासारखी फिरणारी पाती, बाजूंना ओल्या ताट्या, आणि एक दांडा. दांडा फिरवला की गार हवा खोलीत फेकली जाई. विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांत खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर डोळ्यांसमोर आणा. रचना जवळजवळ तीच आहे. फरक दांड्याचा. आज तिथे मोटर आहे, तेव्हा माणूस होता.

१०/
इथे क्षणभर थांबायला हवे. ताटी भिजवणारा भिस्ती, म्हणजे पाठीवर कातड्याची पखाल वाहणारा पाणक्या, घराबाहेर उभा असे. त्याचे काम दुपारी, ऐन लूमध्येच. थर्मँटिडोटचा दांडा फिरवणाराही बाहेरच. आणि छताला टांगलेला कापडी पंखा ओढणारा पंखेवाला व्हरांड्यात बसलेला. भिंतीला भोक पाडून त्यातून त्याच्या हाती दोर दिलेला. आतल्याला वारा लागावा म्हणून झालेली ही सारी योजना. पण वारा उत्पन्न करणाऱ्याला त्या वाऱ्याचा एक झोतही मिळू नये, अशीच तिची रचना होती.

११/
पंखे रात्रभर ओढावे लागत. पंखेवाला आळीपाळीने झोपे, कधी दोर पायाच्या अंगठ्याला बांधून आडवा होई. डुलकी लागली की पंखा थांबे आणि आतला साहेब घामाने जागा होई. त्यानंतर लाथा-बुक्क्या ठरलेल्या. त्यात कित्येक पंखेवाले मेले. खटले चालले, तेव्हा बचावाचे एक ठरावीक कारण पुढे येई : हिवतापाने मृताची प्लीहा आधीच वाढलेली होती, ती थोड्याशा धक्क्यानेच फुटली. हे कारण मान्य होऊन आरोपी किरकोळ दंडावर किंवा अल्प शिक्षेवर सुटत. वातानुकूलनाच्या इतिहासावरच्या रंजक लेखांत ही पाने सहसा गाळलेली असतात. ती गाळून त्या काळच्या 'गार बंगल्यां'विषयी लिहिणे मला तरी प्रामाणिक वाटत नाही.

१२/
आता बर्फाकडे. उत्तर हिंदुस्थानाच्या मैदानी मुलखात बर्फ पडत नाही, पण तो 'पिकवला' जात असे. रॉबर्ट बार्कर या इंग्रजाने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे याचे वर्णन मांडले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, त्यांत वाळलेला ऊस किंवा कडब्यासारख्या गवताचा थर द्यायचा, वर मातीची उथळ, सच्छिद्र परळे शेजारी शेजारी मांडायची आणि संध्याकाळी त्यांत थोडे थोडे पाणी ओतायचे. पौष-माघातल्या निरभ्र, निवांत रात्री पाण्यातली उष्णता वरच्या मोकळ्या आकाशाकडे निघून जाते. खालचा थर जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. हवेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरलेले नसतानाही पहाटे परळांत बर्फाचा पापुद्रा धरलेला असे.

१३/
सूर्य वर येण्याआधी तो पापुद्रा खरवडून काढायचा, टोपल्यांतून खोल खड्ड्यात नेऊन ठेचून दाबायचा आणि गवत-घोंगड्यांनी झाकून ठेवायचा. वैशाखातल्या पेल्यातल्या बर्फाची तयारी अशी पौषात होत असे. ढग आले, वारा सुटला, तर ती रात्र वाया. उन्हाळ्यासाठी घर सज्ज करण्याची इतकी दूरदृष्टीची आणि इतक्या हातांना राबवणारी पद्धत दुसरी क्वचितच सापडेल.

१४/
या देशी बर्फाला स्पर्धा आली ती थेट अमेरिकेतून. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून उष्ण देशांना विकत असे. १२ मे १८३३ रोजी त्याचे 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोहोचले. तेव्हाही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! कंपनी सरकारने त्याच्यावरची जकात माफ केली. थंडी ही आता आयात होणारी जिन्नस झाली.

१५/
पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, बोस्टनचा बर्फ मुंबईला उतरला. तो आणवण्यात जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीचा पुढाकार होता. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि दुसऱ्या दिवशी यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली, मग वर्तमानपत्राने 'नव्या फॅशनचा हा प्रसाद' म्हणून टोमणा मारला, असा किस्सा मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. फोर्ट भागात बर्फाचे घुमटाकार कोठार, आइस हाउस, उभे राहिले. आज त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. मद्रासचे आइस हाउस मात्र अजून उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते आणि आता ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१६/
हा बर्फ खोल्या गार करण्यासाठी नव्हता, हे मात्र ध्यानात ठेवा. तो पेयांत, तापकऱ्याच्या कपाळावर आणि श्रीमंतांच्या पानांत जाई. खोली थंड करायला लागणारा बर्फ किती, ते आपण दुसऱ्या पोस्टमध्ये पाहिलेच : रोज टनभर. बोस्टनहून तेवढा आणणे कोणत्या शेटजीला परवडणार?

१७/
यंत्राची चाहूल याच सुमारास लागली. मुंबईत बर्फ उतरला त्याच १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सने, द्रवाची वाफ करून ती पुन्हा दाबून द्रव करण्याच्या चक्राचे पेटंट घेतले. आपल्या फ्रिज-एसीचे मूळ तत्त्व हेच. अमेरिकेत फ्लोरिडाच्या अपॅलाचिकोला गावचा डॉ. जॉन गोरी तापाच्या रुग्णांच्या खोलीत छताला बर्फाची पात्रे टांगत असे. बर्फ वेळेवर येईना म्हणून त्याने बर्फ करणारे यंत्रच बांधले आणि १८५१ मध्ये पेटंट मिळवले. त्याला भांडवल मिळाले नाही. १८५५ मध्ये तो उपेक्षित अवस्थेतच गेला. १८७०च्या दशकात मद्रास-कलकत्त्यात यंत्राचा बर्फ निघू लागला आणि बोस्टनच्या जहाजांचा धंदा हळूहळू आटोपला.

१८/
यानंतरची गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल : न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला छापखाना, दमट हवेने फुगणारा-आक्रसणारा कागद, एकावर एक नीट न बसणारे रंग, आणि पंचवीस वर्षांचा अभियंता विलिस कॅरियर. १७ जुलै १९०२ ही तारीख त्याच्या आराखड्यावर आहे. उद्देश हवा कोरडी करण्याचा होता. गारवा सोबत आला. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमरने वापरला, तोही सूतगिरण्यांसाठी आणि उलट्या हेतूने. तिथे सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा वाढवायचा होता. म्हणजे वातानुकूलनाचे पहिले लाभार्थी कागद आणि सूत. माणूस पुष्कळ नंतर आला.

१९/
समुद्रकाठच्या दमट शहरांना ज्या उपायाची वाट होती तो नेमका हाच होता. ताटी हवेत पाणी घालते. एसी हवेतले पाणी काढून घेतो. गार कॉइलवर बाष्पाचे दव जमते आणि नळीवाटे बाहेर टपकते. मुंबईच्या फुटपाथवर वरून जे थेंब डोक्यावर पडतात, ती तुमच्या शेजाऱ्याच्या खोलीतली दमट हवा असते.

२०/
१९१४ मध्ये मिनिॲपोलिसच्या एका धनाढ्याच्या हवेलीत पहिला घरगुती एसी बसवला गेला, तेव्हा त्याची लांबी सुमारे वीस फूट होती. आपल्याकडे १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या रीगल चित्रपटगृहात लोक पडद्याइतकेच गारव्यासाठीही जात असावेत. आणि १९३४ मध्ये मुंबई ते पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला थंड डबा जोडला गेला. तो थंड कशाने? डब्याच्या तळाशी पेट्यांत बर्फाच्या लाद्या आणि त्यांवरून पंख्याने फेकलेली हवा! वाटेतल्या ठरलेल्या स्थानकांवर वितळलेले पाणी काढून नव्या लाद्या भराव्या लागत. एसीचे 'टन' हे माप रेल्वेच्या त्या हमालांनी अक्षरशः हातांनी उचलले आहे.

२१/
यंत्र घरात शिरायला एक अडसर होता : वायू. सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. गळती झाली की जीव जाई. अशाच एका दुर्घटनेची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी गळतीच होऊ नये असा हलत्या भागांविना चालणारा फ्रिज बनवायला घेतला, असे सांगतात. त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९३० मध्ये मिळाले, पण फ्रिज बाजारात आला नाही. कारण त्याआधीच, १९२८ मध्ये, टॉमस मिजलीने क्लोरोफ्लुओरोकार्बन शोधला होता. न पेटणारा, बिनविषारी. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली.

२२/
टाळ्या पडल्या. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले, की हेच वायू वातावरणात वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. (याच मिजलीने पेट्रोलमध्ये शिसे घालण्याचीही युक्ती काढली होती. एका माणसाच्या नावावर इतके प्रदूषण इतिहासात क्वचितच जमा झाले असेल.) पंखेवाल्याच्या काळी भिंतीबाहेर एक माणूस होता, आता भिंतीबाहेर सारे आकाश होते.

२३/
वायू बदलत गेले. आर-२२ ओझोनला कमी अपाय करणारा, तरी अपाय करणाराच. त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट. आज नव्या घरगुती यंत्रांत सर्रास दिसणारा आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण तोही सुमारे ६७५ पट. आर-२९० म्हणजे तर साधा प्रोपेन. तापमानवाढीत नगण्य, मात्र ज्वलनशील. अशा वायूंच्या वापराला उतरती कळा लावण्यासाठी २०१६ मध्ये किगालीची दुरुस्ती झाली. हे सारे आकडे दूरचे वाटत असतील तर बाल्कनीत जा. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर वायूचे नाव आणि त्याचे वजन छापलेले असते.

२४/
आणि इथेच इतिहास फाल्गुनातल्या सर्व्हिसिंगला येऊन भिडतो. दर उन्हाळ्याआधी "गॅस संपलाय, भरावा लागेल" हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. पेट्रोल संपते तसा एसीतला वायू संपत नाही. पर्किन्सच्या चक्रात तो फक्त फिरतो : आत वाफ होऊन उष्णता घेतो, बाहेर दाबाने द्रव होऊन ती सोडतो. बंद नळीत तो वर्षानुवर्षे तेवढाच राहायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता वायू भरणे म्हणजे फुटक्या पखालीत पाणी ओतणे. दोन महिन्यांत तेही आकाशात जाते. म्हणून मेकॅनिकला विचारावे, "गळती कुठे सापडली?" आर-३२ आणि आर-२९० पेटू शकतात, त्यामुळे हे काम प्रशिक्षित हातांनीच करावे.

२५/
बहुतेक वेळा तर कारण वायूचे नसतेच, धुळीचे असते. बाबराच्या तीन शत्रूंपैकी तिसरा! फिल्टरच्या जाळीवर धूळ साचली की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल गोठते, तिच्यावर बर्फ धरतो आणि खोली मात्र तापतच राहते. मुख्य स्विच बंद करून जाळी काढावी, साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. ऐन उन्हाळ्यात, विशेषतः रस्त्यालगतच्या घरात, दर पंधरा दिवसांनी हे करावे लागते. पाणी बाहेर नेणारी नळी शेवाळाने तुंबते आणि मग भिंतीवर ओघळ येतात; एसी सुरू करण्याआधी तीही साफ करून घ्यावी. आतील कॉइल मात्र वर्षातून एकदा जाणकाराकडून धुऊन घेतलेली बरी, कारण तिची पातळ पाती बोटानेही वाकतात.

२६/
सर्वांत दुर्लक्षित भाग बाहेरचा. दीड टनाचे यंत्र पूर्ण शक्तीने चालताना खोलीतून सुमारे सव्वापाच किलोवॉट उष्णता उचलते आणि ते करताना साधारण दीड किलोवॉट वीज खाते. ही वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे बाहेर पावणेसात किलोवॉट फेकले जाते. त्या युनिटसमोर कुंड्या, जुने पुठ्ठे, कबुतरांची घरटी असतील तर ही उष्णता त्याच्याच भोवती घोटाळते, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि वीजबिल वाढते. युनिटच्या पात्यांवरची धूळ हलक्या पाण्याने काढून, समोरची व बाजूची जागा मोकळी ठेवली, वर हवा न अडवणारी सावली दिली, की निम्मी तयारी झाली. ताट्या बसवताना आपले पूर्वज वाऱ्याची दिशा पाहत, ते उगीच नव्हे.

२७/
आणखी एक जुनी गोष्ट इथे कामाची आहे. ताटीच्या घरात बाकीची दारे घट्ट लावत, पश्चिमेचे ऊन अडवत. जाड पडदा, खिडकीवरचे छज्जे, फटी बुजवणे यांनी यंत्राचे काम कमी होते. भारतात १ जानेवारी २०२० पासून नव्या घरगुती एसीचे तापमान सुरू करताना २४ अंशांवर असावे असा नियम झाला. सोबत छताचा पंखा हळू फिरता ठेवला, तर याहून खाली जाण्याची गरज बहुतेकांना भासत नाही. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. पण शरीराला तेवढे पुरते.

२८/
त्या पावणेसात किलोवॉटकडे पुन्हा एकदा पाहा. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी अशी वीस-पंचवीस यंत्रे चालत असतील, तर तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या, किंवा कोपऱ्यावर भाजीची गाडी लावणाऱ्याच्या अंगावर ती सारी उष्णता येते. त्याच्या खोलीत एसी नाही. चौथ्या मजल्यावर अरुंद कठड्यावर उभे राहून बाहेरचे युनिट धुणारा मुलगाही ऐन दुपारीच आलेला असतो, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्याला दिवसाला कित्येक घरे करायची असतात. फेब्रुवारीत बोलावले तर त्याला उसंत असते आणि ऊनही कमी असते. आला की त्याला पाणी द्या, आणि कमरेला पट्टा-दोर नसेल तर कठड्यावर चढू देऊ नका.

२९/
विदर्भात कूलरच्या गवताच्या चौकटींना आजही 'ताट्या'च म्हणतात आणि मार्चमध्ये बाजारात त्या बदलून घ्यायला गर्दी होते. तुमच्या घरात कोणी कचेरीच्या, कोर्टाच्या किंवा वाड्याच्या दारावर वाळ्याच्या ताट्या पाहिल्या असतील, दोरीचा पंखा ओढणाऱ्याविषयी ऐकले असेल, तर त्यांना विचारून गाव आणि अंदाजे वर्ष यांसह खाली लिहा. आणि हो, बाहेरच्या युनिटच्या पाटीवर कोणता वायू लिहिला आहे, तेही कळवा.